तोंडावरचं गोंदण

पाद्री होडीतून उतरायच्या आत लासारोने बापाच्या अंगात लांब बाह्यांचा सदरा चढवला. हात झाकले, छाती झाकली. तोंड कशाने झाकणार? हनुवटीपासून कपाळापर्यंत काळंनिळं गोंदण. पानाय बेटाच्या त्या किनाऱ्यावर तोंडावर गोंदून घ्यायचा मान फक्त शूर माणसाचा. लुटारूंनी पळवलेलं एक तान्हं पोर त्याच्या बापाने, दुमाराओगने, ऐन तारुण्यात भर समुद्रात पोहत जाऊन सोडवून आणलं होतं. ते पोर म्हणजे लासारोच. रोज सकाळी तो बापाचा हात आदराने कपाळाला लावी, मगच कामाला लागे.

पण नव्या पाद्र्याला गोंदण म्हणजे सैतानाचं काम वाटे, आणि गावच्या मुखियाची मानाची काठी लासारोला मिळणार की नाही हे त्याच्याच शब्दावर होतं.

"बा, आज घरातच बस ना."

"का रे? माझं तोंड चावतं का त्याला?"

म्हातारा हट्टी. लेकाचं कौतुक बघायला वाळूत येऊन उभा राहिलाच.

पाद्र्याची नजर नेमकी तिथेच गेली. "हा रंगवलेला कोण?"

"आमची डुकरं राखतो, पाद्रीबाबा," लासारो बोलून गेला, आणि त्याची कानशिलं तापली. बा चारचौघांत शिव्या घालेल असं त्याला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुमाराओगने पाद्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि तो चढण चढू लागला. सत्तरीचा माणूस. मागून लासारो रिकाम्या हातांनी चालला.

वर, खांबांवर उभ्या घरात, भात, मासे, माडी झाली. बा घराखाली डुकरांजवळ बसून जेवला.

"बा, वर ये की," लासारो बांबूच्या जमिनीच्या फटीतून खाली कुजबुजला. "चुकलं माझं."

"गप जेव. आता मी वर आलो तर तू खोटा ठरशील. काठी जाईल."

काठी मिळाली. मग रिवाजाप्रमाणे गडीमाणसं एकेक करून नव्या मुखियाचा हात कपाळाला लावू लागली. रांगेत शेवटी बा होता. तो वाकला, त्याने लेकाचा हात धरला.

हात मागे घ्यायला एक क्षण पुरला असता. पाद्री बघत होता. लासारोने हात तसाच पुढे ठेवला.