पिवळा पडलेला आजार

"आला, आला! लाल आला!"

हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दीडशे माना एकदम उंचावल्या. निर्मळबाबांचा खाक्या साधा होता. 'साध्या पाण्याच्या' ग्लासात रोग्याने बोट बुडवायचं, बाबांनी कुपीतल्या 'साक्षी'चे तीन थेंब टाकायचे. ग्लास लालभडक! "बघ, आजार बाहेर आला!" मग वरून सुगंधी तीर्थाची भरपूर धार, लालाचं पिवळं. "गेला! आता औषध घेशील तर देवावर अविश्वास."

आज पाळी शिंप्याची. दहा वर्षांचा मधुमेह, खिशात इन्सुलिन टोचायचं पेन. ग्लास पिवळा पडताच तो गहिवरला आणि पेन टाकायला बाबांच्या टोपलीकडे वाकला. टोपली आधीच लोकांच्या गोळ्यांनी निम्मी भरली होती.

शेजारी त्याची थोरली बहीण, त्वचारोगाच्या डॉक्टरांची बावीस वर्षांची कंपाउंडर. बिनलेबलाचं काही दिसलं की हाताने वारा घेत हुंगायची तिला खोड. लग्नातलं सरबतही ती तसंच हुंगते म्हणून घरचे हसतात. आजही तिने हुंगलं होतं. 'पाण्याला' व्हिनेगरचा वास. तीर्थात गुलाबाच्या आडून दवाखान्यातलं स्पिरिट.

"थांब रे. बाबा, याचा आजार गेला ना?"

"सात जन्मांसाठी!"

तिने पिवळा ग्लास पिण्याच्या पाण्याने अर्ध्या भरलेल्या जगमध्ये उपडा केला. जगमधलं पाणी गुलाबी-लाल!

"अगंबाई," मागून कुणी तरी म्हणालं, "सात जन्म इतक्यात उरकले?"

बाबा गरजले, "बाईच्या हाताला दोष आहे!"

"मग माझाच ग्लास बघा." तिने नळाच्या पाण्यात पिशवीतलं दवाखान्याचं चामखिळीचं औषध अर्धी बाटली ओतलं. "बोट मात्र कुणी घालू नका, सोलून निघेल." बाबांनी साक्षी टाकली, लाल. तीर्थ ओतलं, लाल. आणखी ओतलं, ग्लास वाहिला, सतरंजी भिजली. लाल ते लालच.

"ताई, ही काय जादू?" शिंपी पुटपुटला.

"साक्षी म्हणजे आम्लाचा जोर दाखवणारा रंग. आम्लाने हायड्रोजनचा कण सहज सोडला तर लाल, नाही तर पिवळा. तो कण म्हणजे मुलगी समज, आणि व्हिनेगर म्हणजे तिला सासरी धाडताना कां कूं करणारं घर. सासर पाण्याचं असलं तर ते मुलीला जपतं, मागे राहिलेल्यांचीही समजूत काढतं. चार मुली निघतात. स्पिरिटला असली माया नाही, मुली माहेरीच बसतात. आम्ल कुठे गेलं नाही, नुसता जोर गेला. जगमध्ये पाणी मिळालं, परत निघाल्या."

"आणि तुझं औषध?"

"तेच आम्ल, पण तीन क्लोरीन चिकटवलेलं. तीन दांडगे भाऊ सगळं पांघरूण आपल्याकडे ओढतात. मुलीला धरून ठेवायला हात मोकळा कुणाचा? सासर कसंही असो, पुष्कळ मुली निघतातच."

हॉल खदखदला. हसता हसता माणसं टोपलीभोवती जमली आणि आपापल्या गोळ्या शोधू लागली. बाबांना मागच्या जिन्याची अचानक ओढ लागली.

"ग्लासात तुझं रक्त नव्हतं," बहीण म्हणाली, "मग आजार कुठून आला, आणि गेला कुठे? हात जोडायला कुणाची मनाई नाही. आधी एवढं विचारावं, बाटलीत काय आहे?"

शिंप्याने पेन खिशात ठेवलं. मग काही तरी सुचून पुन्हा बाहेर काढलं आणि हाताने वारा घेत हुंगलं.

"अरे, त्याच्यावर लेबल आहे!"

"असू दे. वाचतोही." आणि तो खरंच वाचू लागला.