पांढरी मुळं

"कापू का मग?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"असू दे," ही म्हणाली.

मी कात्री घेऊन आंब्याखाली उभा, ही आत कॉटवर, मध्ये खिडकीचे गज. आंब्याच्या खोडावर हिची आमरी, झाडावर वाढणारं ऑर्किड. पाच वर्षांपूर्वी वादळात कुठलं तरी जुनं झाड आडवं झालं, तेव्हा त्याच्या फांदीवरून हिने ती सोडवून आणली आणि माझ्या दोन बनियनांच्या पट्ट्या फाडून खोडाला बांधली. बनियन जुने होते, हे हिचं म्हणणं. माती नाही, कुंडी नाही, खत नाही. मी विचारलं, "अगं, हे खाणार काय?"

"ते तुमच्यासारखं नाही. झाडावर बसतं, पण झाडाचं काही खात नाही. तुम्ही त्याला हात लावायचा नाही, एवढं केलंत तरी पुष्कळ झालं."

आता हात न लावणं हे माझ्याच्याने कसं व्हावं? चाळीस वर्षं मी पंप दुरुस्त केले. हात लावल्याशिवाय पंप चालू होत नाही. 'या आणि नुसते बसा' असं म्हणून मला आजवर कोणी बोलावलेलं नाही. तरी हिच्या धाकाने पाच वर्षं मी त्या रोपापासून चार हात लांब राहिलो. त्यानेही पाच वर्षांत पानांपलीकडे काही दिलं नाही. मी चिडवायचो, "तुझी आमरी काही फुलायची नाही." ही म्हणायची, "तिला घाई नाही. तुम्हालाच कुठली गाडी गाठायची आहे?"

आठ महिन्यांपूर्वी हिचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही. सगळ्या बोलण्यातून एवढे दोनच शब्द उरले. भूक लागली की असू दे, पाठ दुखली की असू दे, रडू आलं की असू दे. बोलणं शिकवायला बाई येतात त्या म्हणाल्या, "एक तरी राहिलंय ना, ते जपा. त्याला धरूनच बाकीचे शब्द येतील." अजून तरी कोणी आलेलं नाही.

आणि यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमरीच्या पानाच्या बेचक्यातून काडेपेटीतल्या काडीएवढी दांडी बाहेर आली. फुलाची दांडी. मी हिला बोट दाखवून दाखवली, तर ही अर्ध्या तोंडाने हसली आणि लहान मुलाशी बोलावं तसं "असू दे, असू दे, असू दे" म्हणत राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसली. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, काय वाटेल ते होवो, ही फुलं हिच्या डोळ्यांसमोर उमलली पाहिजेत. हिच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात दुसरं होतं तरी काय?

पण ऊन वाढलं तशा पानांना सुरकुत्या पडायला लागल्या. आणि मुळं तर बघवत नव्हती. पांढरीफटक, सुतळीच्या तुकड्यांसारखी कोरडी, काही खोडाला चिकटलेली, काही नुसती हवेत लोंबणारी. माझ्या धंद्यात सुकून तडकलेला पाइप पहिला कापायचा असतो. तो ठेवला की पंप हवा धरतो आणि मोटर जळते. मला वाटलं, एवढासा त्या रोपाचा जीव, त्यात दांडी पोसायची, वर हे मेलेलं लटांबर कशाला? पण रोप हिचं. म्हणून विचारलं. विचारल्याने काही अंगाला भोकं पडत नाहीत.

हिचं 'असू दे' मला नवीन नाही. लग्न झालं तेव्हा मी विचारलं, "चहा टाकू का?" ही म्हणाली, "असू दे." मी आपला बसून राहिलो. दोन दिवस अबोला. मग कळलं, असू दे म्हणजे टाका की, विचारता काय. नवा चष्मा करायचा का? असू दे. म्हणजे कधी जायचं. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, "नको नको म्हणे आणि पायलीभर चाखे." ही लटकं रागवायची. सगळ्या संसारात मी 'असू दे' ऐकलं आणि उलटं केलं, आणि कधी चुकलो नाही.

फक्त एकदाच ते शब्दशः धरलं. आठ महिन्यांपूर्वी, सकाळी. ही म्हणाली, "हाताला मुंग्या आल्यात, कप धरवत नाही." मी बूट घालत होतो. विचारलं, "डॉक्टरकडे जाऊ या का?" ही म्हणाली, "असू दे." एका इमारतीत पाणी नव्हतं, तीन फोन येऊन गेले होते. मी गेलो. दुपारी परत आलो तर ही ओट्याशी पडलेली. हे मी अजून लेकीलाही सांगितलेलं नाही.

म्हणून या वेळी मी कात्री चालवली.

"असू दे," ही आतून म्हणाली. पहिलं मूळ कट्‌कन तुटलं. "असू दे. असू दे." आवाज चढला होता. मी म्हटलं, "हो हो, झालंच. त्रास कसला त्यात?" सगळी पांढरी मुळं काढली, खोडालगतची खरवडून काढली. ही ओरडत होती. मला वाटलं, उन्हात उभा आहे म्हणून काळजी करते.

कापलेली मुळं मी मोरीजवळच्या बादलीत टाकली. तळाला थोडं पाणी होतं. हिला भरवायला बसलो तर हिने तोंड उघडलं नाही. तासाभराने हात धुवायला गेलो आणि बादलीत पाहिलं. मुळं हिरवी झाली होती. ताज्या शेंगेसारखी हिरवीगार. एक मोडून बघितलं, आत ओल होती.

लेक दोन गल्ल्या पलीकडे राहते, तिला फोन केला. ती आली आणि येताना नर्सरीवाल्याला घेऊन आली. त्याने बादलीत हात घालून दोन मुळं उचलली, मग खोडाकडे गेला. खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"काका, ही मेलेली नव्हती. कोरडी असली की पांढरीच दिसतात. हवेतली ओल ओढून घेतात ती. नुसतं पाणी शिंपडलं असतं तरी..."

"परत बांधता येतील?" मी विचारलं. पंपवाल्याचा प्रश्न, दुसरं काय.

"नाही हो. दांडी तर सुकणारच. रोपाचं बघू, जगलं तर जगलं. आता तुम्ही काही करू नका."

तो गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आईने नको म्हटलं नव्हतं का?"

"असू दे म्हणाली."

"मग?"

मी बादली उचलून मोरीत ठेवली.

संध्याकाळी हिच्या कॉटशी बसलो. कोणाची माफी मागायची मला सवय नाही, पण मागितली. म्हटलं, "चुकलं माझं. तू सांगत होतीस, मला कळलं नाही. आणि त्या दिवशी सकाळीही कळलं नाही." हिने माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत राहिलो. रागाने 'असू दे' म्हणाली असती तरी चाललं असतं, सवयीने म्हणाली असती तरी मी ते पदरात पाडून घेतलं असतं. ही काहीच बोलली नाही.

रात्रीच्या गोळीला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, "काय म्हणतोय आपला शब्द?" म्हणून हसल्या, गालाला हात लावला, आरसा दाखवला. ही गप्प. "थकल्यात आज," बाई म्हणाल्या. ही थकलेली नव्हती. थकलेली मला ओळखू येते.

तिसऱ्या दिवशी दांडी पिवळी पडली. मी पाणी शिंपडलं, सावलीला गोणपाट बांधलं, पुन्हा सोडलं. नर्सरीवाल्याला दोनदा फोन केला. तो तेच म्हणाला.

हिची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन तास भिंतीकडे, दोन तास खिडकीकडे, म्हणजे आमरीकडे. चार वाजले आणि भिंतीची पाळी संपली. मी विचारलं, "अजून थोडा वेळ अशीच राहतेस का?" उत्तर आलं नाही. पाच मिनिटं थांबलो, मग आणखी पाच. शेवटी एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली घातला आणि हिला खिडकीकडे वळवलं.