बंदूक घेतली म्हणजे रान घेतलं

पासलीच्या मानसिंगांकडं जी बंदूक आहे ती शेतीसंरक्षणाची. म्हणजे सरकारच्या मते तिनं भाताचं रक्षण करावं आणि मानसिंगांनी तिचं. ठासणीची, एकनळी, आजोबांच्या वेळची. बार काढायचा तो हवेत; डुकरानं आवाज ऐकून काय ते समजून घ्यायचं. डुक्कर मारायची परवानगी वेगळी असते आणि ती देणारा साहेबही वेगळा असतो.

अशी बंदूक मिळवायची तर आधी रान लागतं. सातबारा, मग तलाठी, मग पोलीस पाटलानं वर्तणुकीबद्दल दिलेला शब्द, मग ठाणं, मग पुणं. या वाटेवर मूळ अर्जदार सहसा निवर्ततो आणि बंदूक मुलाला मिळते. शिवाय निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची. अलीकडं निवडणुका अशा पाठोपाठ आल्या की बंदूक घरी यायची ती माहेरवाशिणीसारखी, चार दिवस. ती ठाण्यात असताना डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती.

मानसिंगांनी सत्तरी ओलांडली तेव्हा कचेरीतल्या कारकुनानं त्यांना सांगितलं की, आता लायसन वारसाच्या नावावर करून घेता येईल. मात्र वारस समक्ष हजर पाहिजे. हे ऐकून मानसिंग इतके खुशीत बाहेर पडले की, आपण काही चुकीचं तर सांगितलं नाही ना, असं कारकुनाला वाटलं.

वारस एकुलता एक, सार्थक. भोरला कॉलेज केलं, पुण्यात नोकरी केली आणि तिथून टेक्सासला गेला. गेल्या खेपेला आला होता तेव्हा मानसिंगांना दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत होतं. आता मुलाला ‘तुझी आठवण येते’ असं म्हणायची पासलीत पद्धत नाही. ‘लायसनला तू समोर लागतोस’ असं मात्र म्हणता येतं. मानसिंग ते दर रविवारी फोनवर म्हणत.

“बघतो आण्णा, सुट्टीचं,” सार्थक म्हणे.

“सरकारी काम हाय म्हनून म्हनलं. आमचं काय न्हाई.”

“व्हय व्हय.”

एकदा सार्थकनं विचारलं की यंदा डुकरांचा त्रास कसा आहे. मानसिंग म्हणाले, “लई. येकट्याच्यानं हुईना.” वास्तविक त्या साली पासलीत डुक्कर फिरकलं नव्हतं. शेजारच्या पालीला गड चढायला येणारी मंडळी मागं जे टाकून जातात त्यात जास्त सकस खाणं असतं, हे डुकरांना कळलंय, असं मानसिंगांच्या पुतण्याचं, धनाजीचं मत होतं.

खंडेनवमीला बंदूक योगायोगानं घरी होती. मानसिंगांच्या बायकोनं, बाळाबाईंनी, सकाळीच सारवल्या जागेवर पाट मांडला. कोयता, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि मधोमध बंदूक. झेंडूची माळ नळीला नीट बसेना म्हणून मानसिंग ती दोऱ्यानं बांधत होते. तेवढ्यात सार्थकचा व्हिडिओ कॉल आला. मोबाईल धनाजीनं धरला, कारण मानसिंग धरत तेव्हा टेक्सासला त्यांचा कान दिसायचा.

तिकडं अजून आदल्या दिवसाची रात्र होती, म्हणजे अष्टमीच. सार्थक कुठल्याशा दुकानात उभा होता. दुकान म्हणजे त्यात मार्गासनीचा सगळा बाजार मावून वर एसटी वळवता आली असती.

“आई, दिसतंय का?” तो ढकलगाडी ढकलत म्हणाला. “हे दूध. हे लहान पोरांचे कपडे. हे गाडीचे टायर.”

“कोथमीर कुठंय?” बाळाबाई म्हणाल्या.

“ती तिकडं मागं ऱ्हायली. आता आण्णांना दावा. आण्णा, हे बघा.”

माशांच्या गळाच्या काठ्या संपल्या आणि काचेचं कपाट आलं. कपाटात ओळीनं बंदुका उभ्या होत्या, आपल्याकडं छत्र्या उभ्या करतात तशा. खाली किमतीच्या चिठ्ठ्या. काहींवर सूट होती. पलीकडं एक पोरगी काहीतरी चघळत उभी होती. तिच्या एका बाजूला टॉर्चचे सेल होते आणि दुसऱ्या बाजूला तंबू.

मानसिंगांनी मोबाईल जवळ ओढला. “ह्या इकायला हायत?”

“व्हय.”

“आनि साहेब कुठं बसतो?”

“कसला साहेब?”

“दिऊ का नको म्हननारा.”

“तसं न्हाई आण्णा. नाव-गाव सांगायचं, ती पोरगी कॉम्प्युटरवर बघती. थोडा येळ थांबायचं. म्या मघाशीच केलंय सगळं.” सार्थकनं ढकलगाडीतलं लांबट खोकं उचलून दाखवलं. शेजारी पावाचा पुडा होता. “घेतली. उद्या आमची नवमी. म्हनलं, तुमी तिकडं पूजा करता, आपन बी करू.”

बाळाबाईंनी लगेच हळदीकुंकवाची बोटं मोबाईलच्या काचेला लावली. धनाजी “काकू, क्यामेरा गेला” म्हणाला आणि शर्टाला काच पुसली. त्याला काकांचा चेहरा बघायचा होता. पोरानं परदेशात राहून खंडेनवमी पाळली, काका आता गावभर सांगत सुटतील, अशी त्याची अटकळ होती.

मानसिंग नळीवरच्या माळेची गाठ बघत होते.

“रान किती घेतलंस?” त्यांनी विचारलं.

“आँ?”

“रान. किती एकर?”

धनाजी हसला. “काका, तिकडं सातबारा लागत न्हाई बंदुकीला. पावासंगं मिळती.”

“तुला इचारलं न्हाई. सार्थक, बंदूक घेतली म्हंजी रान घेतलं आसंल. राखायला काय नसताना कोन बंदूक घेतं?”

“न्हाई हो आण्णा, नुसती घेतली,” सार्थक म्हणाला. “हितं समद्यांकडं आसती.”

“त्येंच्याकडं राखायला आसंल.”

धनाजी पुन्हा हसणार होता. पण फोनमधलं ढकलगाडीचं कुरकुरतं चाक थांबलं. मागून कुणीतरी बाई इंग्रजीत ‘जरा सरकता का’ अशा अर्थाचं म्हणाली आणि सार्थक सरकला. त्याच्या मागं आता तंबू दिसत होता.

“रान न्हाई आण्णा,” तो म्हणाला. “घर.”

“भाड्याचं ना?” बाळाबाईंनी विचारलं.

“भाड्याच्या घराला कोन बंदूक घेतं,” मानसिंग म्हणाले.

“सांगनारच हुतो,” सार्थक म्हणाला. “मागल्याच म्हैन्यात घेतलं. म्हनलं दसऱ्याला सांगावं. लई मोटं न्हाई. तुमाला दोगांना खोली हाय त्यात.”

“बरं झालं,” मानसिंग म्हणाले.

बाळाबाईंनी पदराला हात पुसले आणि देवासमोर साखर ठेवायला आत गेल्या. घर घेतलं की साखर ठेवतात. ते कुठं घेतलं हे देवाला वेगळं सांगत नाहीत. त्या बराच वेळ आतच राहिल्या.

“घरामागं मोकळं हाय का?” मानसिंगांनी विचारलं.

“हाय की. गवत हाय.”

“काय येतं?”

“हरनं येत्यात कदी कदी. दोन-तीन.”

“खात्यात काय?”

“गवतच.”

“मग खाऊ दे,” मानसिंग म्हणाले. “त्येवढ्यासाटी बार नको काडू.” मग माळेची गाठ ओढत, “हितं डुकरांनी उच्छाद मांडलाय. खालचं खाचार निम्मं उकारलं. धनाजीला इचार.”

धनाजीनं काकांकडं बघितलं आणि मोबाईल आपल्याकडं वळवला. “लई उच्छाद,” तो म्हणाला.

“फोटो टाक की,” सार्थक म्हणाला. “बघू तरी.”

दुपारी जेवणं झाल्यावर मानसिंगांनी धनाजीला खालच्या खाचराकडं बोलावलं. इंद्रायणी भाताची लोंबी पोटरीतून बाहेर पडून नुकती वाकायला लागली होती. वर्षभराचं जेवण होतं ते, आणि दृष्ट लागावी असं आलं होतं. मानसिंग चिखलात उतरले, हातातल्या काठीनं कडेची रोपं उपटून आडवी पाडली, माती उकरून वर आणली, पाय घासून कळप गेल्यासारखं केलं. डुकराचं काम त्यांनी जन्मभर जवळून पाहिलं होतं, त्यामुळं ते चांगलं जमलं. मधेच ते कमरेवर हात ठेवून थांबले आणि उपटलेल्या रोपाची लोंबी हातात घेऊन बघत राहिले. मग ती खिशात घातली.

“काका,” बांधावरून धनाजी म्हणाला, “लायसन माज्या नावावर केलं तर मी उद्या येतो कचेरीत.”

“तू तर रोजच येतोस.”

“म्हनून तर म्हनतोय.”

“म्हनूनच न्हाई. फोटो काड.”

धनाजीनं फोटो काढले आणि गड दिसेल असं उंच जाऊन, रेंज पकडून ते पाठवले. टेक्सासला पहाटेची झोपायची वेळ होती. तरी खाली येईपर्यंत उत्तर आलं. धनाजीनं आधी मनात वाचलं.

“काय म्हनतो?”

“‘डुक्कर म्हातारं दिसतंय,’” धनाजीनं वाचलं. “‘चप्पल घालून चिखलात उतरू नको म्हनावं त्याला. घसरंल.’”

मानसिंगांनी खाली बघितलं. उकरलेल्या मातीत टायरच्या तळव्याची नक्षी स्वच्छ उमटली होती. त्या नक्षीच्या चपला पासलीत आता एकट्या त्यांच्याच पायात होत्या.

“येतो म्हनला का?”

“तसं काय न्हाई लिवलं.”

“न्हाई म्हनला?”

“तसंबी न्हाई.”

मानसिंगांनी जरा विचार केला. मग चपला काढून बांधावर शेजारी शेजारी ठेवल्या, धोतर वर खोचलं आणि काठी टेकत अनवाणी पुढच्या खाचरात उतरले.