नोएला सामानाच्या गाडीत बसत नाही

गेंट शहरात जुलैचा उत्सव लागला की दहा दिवस रस्त्यारस्त्यावर ढोल, पिपाण्या आणि बिअर. बाहेरचे लोक तो बघायला येतात आणि नोएलाच्या गल्लीतले अर्धे लोक सायकलींवरून काही दिवसांच्या सहलीला पळ काढतात; बॅगा मागून गाडीतून येतात. त्यांचा म्होरक्या फेरे, गल्लीच्या उत्सव मंडळाचाच अध्यक्ष. दारात मांडव घालून द्यायचा आणि आपण गायब व्हायचं, ही त्याची जुनी खोड.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "नोएला सामानाच्या गाडीतून येईल. खुबा नुकताच बदललाय तिचा."

नोएलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं तिनं याच शहरात ट्राम चालवली होती. आता एकोणसत्तराव्या वर्षी लोकांच्या बॅगा मांडीवर घेऊन बसायचं?

"डॉक्टरांनीच सायकल चालव म्हटलंय."

"डॉक्टर येणार आहेत का तुला उचलायला?" फेरे हसला. "बरं, पैज लाव. उद्या मुक्कामी संध्याकाळी सहाच्या आत पोचलीस तर जिंकलीस. नाहीतर उरलेले दिवस गाडीत. पुढच्या वर्षीही."

"लागली!" रागात माणूस कशालाही हो म्हणतं.

सकाळी सगळे एकत्र निघाले आणि तासाभरात ती मागे पडली. तिला फिकीर नव्हती. तिकडे सायकलवाले गावांची नावं विचारत बसत नाहीत, चौकातल्या पाट्यांवरचे आकडे धरून जातात. हँडलवर चिकटवलेला कागद बघत तिनं बारा, अडतीस, सदुसष्ट गाठले. पुढे घाईत पूल ओलांडायचा राहिला, पण कागदावरच्या पुढच्या आकड्याची, तेवीसची पाटी समोर दिसली म्हणून ती निर्धास्त होती. कागदावर त्यापुढचा आकडा एक्काहत्तर. पाटीवर बाणांनी दाखवलेल्या पुढच्या आकड्यांत एक्काहत्तर नव्हताच.

शेजारच्या बागेत एक बाई वाटाणे सोलत होती. "गेंटच्या ना?" तिनं बरोबर ओळखलं. "तुमचा तेवीस नदीपलीकडे. हा आमच्या जिल्ह्याचा. दरवर्षी कुणी ना कुणी चुकतंच. पाणी देऊ?"

अकरा किलोमीटर उलटं जायचं, त्यात वारा तोंडावर. खुबा ठणकायला लागला आणि नेमका फोन वाजला.

"कुठं आहेस गं? गाडी पाठवू?" फेरे विचारत होता.

"पाठव. डिझेल तुझंच फुकट जाईल," म्हणून तिनं फोन बंद केला. मग कालव्याकाठी कुणी नाही असं बघून ती थोडी रडली, नाक पुसलं आणि पुन्हा पॅडल मारू लागली.

मुक्कामाच्या गावात शिरली तेव्हा सहाला दहा कमी होते. आणि नेमकी त्या दिवशी गावची जत्रा! हमरस्त्यावर सायकलींची शर्यत, दोन्हीकडे कठडे, वर भोंगा. हॉटेल रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"थांबा, आजी," झेंडीवाल्यानं अडवलं. "अजून तीन फेऱ्या आहेत."

ती थांबली. जन्मभर सिग्नल पाळलेली बाई ती. स्पर्धकांचा घोळका एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला. चर्चमध्ये सहाचे टोल पडले. पैज संपली होती. तिनं कठडा बाजूला सारला आणि सायकल सरळ शर्यतीच्या रस्त्यावर घातली.

"अहो आजी!"

"आजी तुझ्या घरी!"

लोक आधी हसले, मग कठडे बडवायला लागले. भोंग्यातून आवाज आला, "ही कोण नवी स्पर्धक? नंबर नाही, हेल्मेट नाही, वेग तर... असो, येऊ द्या!"

हॉटेलसमोर, शर्यतीच्या शेवटच्या रेषेजवळ गल्लीची मंडळी बिअर पीत बसली होती. नोएला त्यांच्यासमोर येऊन उतरली. फेरेनं घड्याळ बघितलं. त्यालाही बरं वाटत नसावं, पण बघितलंच.

"सहा वाजून चार मिनिटं. हरलीस तू, नोएला."

"हरले. मग?"

"मग काय? ठरलं होतं आपलं. सगळ्यांसमोर."

"ठरलं होतं. मी नाही पाळत. गल्लीभर सांग, नोएलानं शब्द मोडला म्हणून. मोठ्यानं सांग."

ती सामानाच्या गाडीपाशी गेली, आपली बॅग ओढून काढली आणि स्वतःच्या कॅरिअरला रबरी पट्ट्यानं आवळून बांधली.

"उद्या आठला निघतेय," ती म्हणाली. "कुणाला यायचं असेल तर या."