उष्टं ताट

तिने ग्लास उचलून नाकाशी नेला, वास घेतला आणि पाणी न पिताच तो टेबलाच्या कडेला सरकवला.

"उठा, बाबा."

बाबा नुकतेच कुठे टेकले होते. मांडीवर पसरलेला रुमाल त्यांनी पुन्हा घडी करून खिशात घातला आणि खुर्चीच्या पाठीला धरून ते उभे राहिले. का म्हणून विचारलं नाही. विचारायची त्यांची पद्धतच नव्हती.

वेटर लगबगीने आला. "काय झालं मॅडम? एसी लागतोय का? दुसरं टेबल देऊ?"

"आज काय संपलंय तुमच्याकडे?"

"काहीच नाही!" त्याची छाती फुगली. "सगळं मिळेल मॅडम. कार्डावर आहे ते सगळं."

"तेच म्हटलं," ती म्हणाली आणि बाबांना घेऊन बाहेर पडली.

हा आईचा नियम होता. भर दुपारी ज्या खाणावळीत काहीच संपलेलं नसतं, तिथे आजचं असं काही नसतंच. दुसरा नियम ग्लासाचा. ग्लासाला फडक्याचा वास आला, तर स्वयंपाकघरात जाऊन बघायची गरज नाही. तिसरा, हात धुवायच्या जागेचा. गिऱ्हाइकाला दिसते तीच जागा ज्यांना स्वच्छ ठेवता येत नाही, त्यांच्या न दिसणाऱ्या जागांबद्दल बोलायलाच नको. या तीन नियमांवर आईने आयुष्यभर परक्या गावांमधली हॉटेलं नापास केली होती. आता आई नव्हती, आणि नापास करायचं काम मुलीकडे आलं होतं. ते तिला चांगलं जमत होतं.

सकाळपासूनचं हे तिसरं. पहिलं लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने सुचवलं होतं. "आमचे सगळे गेस्ट तिथेच जातात," तो म्हणाला होता, आणि ती मनात म्हणाली होती, मेंढरंही सगळी एकाच वाटेने जातात. तिथे भिंतीवर प्लास्टिकची वेल होती आणि वेलीवर खरी धूळ. दुसरं फोनने शोधून दिलं. त्याला पाचापैकी पावणेपाच तारे. कुणा सद्गृहस्थाने भरभरून लिहिलं होतं, "वातावरण अप्रतिम. मिसेसना झोपाळा फार आवडला." त्याच्याखाली आणखी चाळीसेक लोकांनी झोपाळ्याचंच कौतुक केलं होतं. जेवणाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. झोपाळ्यावर बसून पोट भरणाऱ्यांचं हे शहर, आणि यात बाबांना जेवायला घालायचं.

आणि घालायला तर हवं होतं. कालच सर्जनने बाबांचा दंड दोन बोटांत धरून तिला दाखवला होता, बाजारात भाजी परत करावी तसा. "हृदयाची झडप बदलायची म्हणजे खेळ नाही. अशा अंगावर मी सुरी चालवणार नाही. यांना जेवू घाला. पुढच्या आठवड्यात वजन वाढलेलं दिसलं तर तारीख देतो. नाहीतर घरी घेऊन जा." घरी घेऊन जा म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

आई गेल्यापासून बाबा जेवत नव्हते. म्हणजे उपाशी राहत नव्हते, केळी खायचे. उकडलेली अंडी खायचे, ती स्वतः सोलून. बिस्किटांचा पुडा आणायचे, फोडायचे आणि त्याच दिवशी संपवायचे. तिने शेजारच्या गल्लीतल्या बाईंचा डबा लावून दिला होता, तो संध्याकाळी जसाच्या तसा परत जायचा. फोनवर विचारलं की "छान असतो डबा" म्हणायचे. महिनाभराने बाईंनीच तिला फोन केला. "अहो, माझ्या हातात काही खोट आहे का? तसं सांगा तरी."

तिला बाबांची कीव यायला हवी होती. राग येत होता. चाळीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारा माणूस, एवढ्याएवढ्या रेघेत चूक न होऊ देणारा, आणि ताटावर बसला की तान्हं मूल. आईच्या हयातीत बाहेर कुठे जेवायला गेलं की ताट आधी आईकडे सरकायचं. आई त्यातला पहिला घास घ्यायची, सावकाश चावायची, तोंड वाकडं करायची आणि मग म्हणायची, "खा. भाजीत काही राम नाही, पण खा." किंवा वेटरला हाक मारायची, आणि मग सगळं हॉटेल माना वळवून त्यांच्याकडे बघायचं. शाळकरी वयात टेबलाखाली जावंसं वाटायचं तिला.

नातेवाइकांनी तर बोलायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. आत्या चारचौघांत म्हणायची, "जगात बायका नवऱ्याचं उष्टं खातात. आमच्या दादाच्या घरी उलटी गंगा." आईला ते ऐकू जायचं. ती म्हणायची, "तुमच्या दादाला दगड वाढला तरी 'छान' म्हणतील. मला नाही तसं चालत." नाकाने कांदे सोलणारी बाई, असं तिचं नाव पडलं होतं आणि तिने ते खोडायचा कधी प्रयत्न केला नाही. उलट भर घातली. साऱ्या ओळखीपाळखीत गॅस आला तेव्हा आईने विजेची शेगडी घेतली. "गॅसवरचं अन्न मला पचत नाही," म्हणाली. वीज गेली की सगळे उपाशी, पण शेगडी बदलली नाही.

ग्लासाचा वास घ्यायची सवय मुलीने उचलली होती. ताटातल्या पहिल्या घासाची नाही. त्याची अजूनही लाज वाटायची.

ऊन चढलं होतं. बाबा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी खिशातून बिस्किटांचा पुडा काढला.

"ठेवा ते आत."

"दोनच खातो."

"मी काय बिस्किटं शोधत हिंडतेय का सकाळपासून? ठेवा."

त्यांनी पुडा खिशात ठेवला. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाने जेवलेला माणूस, असं तिच्या मनात आलं, आणि हे वाक्य तिला इतकं नेमकं वाटलं की ते तिने मनातच पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. विम्याचे दावे तपासायची तिची नोकरी होती. माणसाचं खोटं ओळखायचा तिला पगार मिळायचा, आणि माणसांबद्दल नेमकी वाक्यं सुचायची तिला सवय होती.

रस्त्यापलीकडच्या हॉटेलात टेबलांवर पांढरी कापडं होती. ग्लासाला वास नव्हता. हात धुवायची जागा कोरडी होती, साबण नवा होता.

"आज काय संपलं?"

"कोंबडी संपली, ताई," वेटर लगेच म्हणाला. "मासा आहे. सकाळीच आलाय."

संपलं म्हणणारा एक तरी भेटला. तिने बाबांसाठी मासा सांगितला. मऊ असतो, अंगी लागतो. स्वतःसाठी नुसतं सूप.

ताट आलं तेव्हा ती फोनवर होती. भावाचा फोन, सातासमुद्रापलीकडून. तिकडे सकाळ होती आणि त्याच्या आवाजात झोप पूर्ण झाल्याचा टवटवीतपणा होता.

"जेवले का बाबा?"

"बसलोय."

"अगं, ऑनलाइन बघ ना. आजकाल सगळं कळतं."

"हो का? आणि तिथून भरवताही येतं का रे ऑनलाइन?"

बाबांनी दोन बोटांनी ताट तिच्या बाजूला सरकवलं. माशावर दाट पांढरा रस्सा होता, त्यावर लिंबाच्या चकत्या, वर एक हिरवं पान. ताट तिच्या सुपाला टेकून थांबलं.

तिने फोनवर हात धरला. "जेवा ना, बाबा. माझी कसली वाट बघताय? लहान आहात का आता?"

त्यांनी ताट परत ओढलं. घास घेतला. नीट चावून गिळला. दुसरा घास घेतला.

"छान आहे," ते म्हणाले.

भाऊ झडपांच्या प्रकारांबद्दल काहीतरी वाचून दाखवत होता. पंखा फिरत फिरत त्यांच्या टेबलाकडे वळला, आणि तो वास तिच्यापर्यंत आला. आधी तिला वाटलं रस्त्यावरून आला असेल, एखादं गटार उघडलं असेल. मग पंखा दुसरीकडे गेला आणि वासही गेला. पंखा परत आला.

तिने फोन टेबलावर पालथा टाकला आणि ताट ओढून घेतलं. रश्शाखालचा मासा सडला होता. नाक जवळ न्यायचीसुद्धा गरज नव्हती. डोळ्यांत पाणी आलं.

"थुंका. बाबा, थुंका ते. आधी थुंका!"

त्यांनी खिशातला रुमाल तोंडाशी धरला. सगळं तिच्या सांगण्याबरहुकूम. मग रुमालाची घडी घातली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले.

"मॅडम, सकाळचा मासा आहे," वेटर आला होता. "आतापर्यंत कुणाची तक्रार नाही."

"नाही ना? घ्या मग." तिने ताट उचलून त्याच्या तोंडासमोर धरलं.

वेटरची मान आपोआप वळली. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने नाकाला रुमाल लावला. ताट तिने खाली ठेवलं, ते बाबांच्या पुढ्यात, त्यांच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर. बाबांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. ते तिच्याकडेच बघत होते. ताटात काय आहे ते तिच्या तोंडावर वाचत असावेत तसे.

फोनमधून भावाचा बारीक आवाज येत होता. तिने तो बंद केला.

वेटर ताट घेऊन गेला. मालक आला, हात जोडून गेला. तिने खुर्ची बाबांच्या जवळ ओढली. विचारलं, "कधीपासून, बाबा?"

त्यांनी काटा आणि चमचा एकमेकांना समांतर लावले, नकाशावर पट्टी लावावी तसे.

"कॉलेजात असताना ताप आला होता मोठा. ताप उतरला. वास काही परत आला नाही."

"कसलाच नाही?"

"खारट-गोड कळतं जिभेला. बाकी नाही."

"आणि आईला..."

"लग्नानंतर पहिल्यांदाच फिरायला गेलो होतो. असंच परकं गाव. हिने दुसरं काहीतरी मागवलं होतं. मी माझं खाल्लं, छान म्हटलं." ते जरासे हसले. "मग दवाखाना. तिथे सांगावं लागलं तिला."

"कुणालाच माहीत नाही? आत्याला?"

"मला लाज वाटायची गं. आमच्या खात्यात लोक एवढ्यातेवढ्यावरून टिंगल करायचे. तुझी आई म्हणाली, तुम्ही गप्प बसा. नावं ठेवायचीच तर मला ठेवू देत."

सुपावर साय धरली होती. चमच्याने तिने ती बाजूला केली.

"मला तरी सांगायचं."

"सांगणार होती. मग तू मोठी झालीस, तिची लाज वाटायला लागली तुला."

तिने चमचा खाली ठेवला. मग विचारलं, "म्हणून डबा परत जायचा?"

"डबा दारात किती वेळ पडून असायचा, काय कळणार? केळं कसं, सोललं की दिसतं."

पाचवं हॉटेल तिने फोनवर शोधलं नाही आणि कुणाला विचारलंही नाही. लॉजकडे परतायच्या रस्त्यावरच होतं. तिने दोन ग्लास परत पाठवले, तिसरा ठेवून घेतला. हात धुवायची जागा पाहून आली. काय संपलं ते विचारलं आणि उत्तर ऐकताना वेटरच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. बाबांचं ताट आलं तेव्हा त्यांची बोटं ताटाला लागायच्या आत तिने ते स्वतःकडे ओढलं.

तिने भाताचा वास घेतला. भाजीचा घेतला. मग घास घेतला आणि सावकाश चावला. मागच्या टेबलावर तिघी बायका बसल्या होत्या, त्यांचं बोलणं थांबलं.

"भात बरा आहे. भाजीत मीठ सांडलंय मेल्यांनी. पण खा."

बाबांनी ताट घेतलं आणि जेवायला लागले. पहिले घास बेताचे, मग मोठे. भात संपला तसा त्यांनी स्वतःहून आणखी मागवला. तो आला, तिने त्यातलाही पहिला घास घेतला.

"बघ, बघ," मागून आवाज आला, हळू बोलल्यासारखा पण ऐकू जाईल एवढा. "म्हाताऱ्याच्या ताटातलं आधी आपण खातेय. आणि मघाशी ते ग्लास पाहिलेस?"

"काय एकेकीचे नखरे असतात बाई. म्हातारा बिचारा गपगुमान उष्टं खातोय."

बाबांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली, कान लाल झाले होते. खुर्ची जराशी मागे सरकवून ते वळायला लागले.

"मी सांगतो त्यांना."

"काही नको. जेवा तुम्ही."

"पण तुला उगीच..."

"बाबा, जेवा."

ते पुन्हा ताटाकडे वळले. तिने पाठ खुर्चीला टेकवली, टोपलीतला पाव उचलून दोन बोटांत दाबला आणि मागच्या टेबलापर्यंत नीट पोचेल अशा आवाजात वेटरला हाक मारली.

"अहो, हा पाव कालचा आहे. लोकांनी काय शिळं खायचं? बदलून आणा आधी."

पाव आजचाच होता. तिच्या बोटांना अजून गरम लागत होता.