घट्ट मनाची पोर

"काका, जरा आत येता? तुमची चिमी झोपाळ्यावरून पडलीय."

शाळेच्या बाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, तेव्हा चिमीचा बाबा शाळेच्या व्हॅनमधल्या सीटखालचा कचरा काढत होता. बिस्किटांचा चुरा, पेन्सिलीची तुटकी टोकं, कुणाचा तरी एकच मोजा. हातातला झाडू तसाच टाकून तो आत धावला.

चिमी ऑफिसातल्या बाकावर बसली होती. डावा हात मनगटाशी सुजून टम्म झाला होता आणि कुणीतरी खाली पुठ्ठ्याचा आधार दिला होता. चेहरा पांढराफटक, पण डोळे कोरडे.

"टिपूस काढलं नाही हो पोरीने," बाई म्हणाल्या. "अशा वेळी मोठी माणसं शाळा डोक्यावर घेतील."

त्या बोलण्याने त्याला कुठेतरी बरं वाटलंच. चिमीची आई आजाराने गेल्याला दीड वर्ष होत आलं होतं. पुरुषाच्या हातून मुलगी वाढायची नाही, असं म्हणणाऱ्यांची तोंडं या पोरीनेच बंद केली होती. वेणी स्वतःची स्वतः घालायची. दप्तर रात्रीच भरून ठेवायची. हट्ट नाही, किरकिर नाही. महिनाभर राहायला आलेली तिची आत्या जाताना म्हणाली होती, "दादा, घट्ट मनाची आहे रे तुझी पोर. मला उगाच काळजी." दिवसभर लोकांची मुलं ने-आण करणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं मूल नीट वाढतंय याचं कोण अप्रूप होतं.

दवाखाना जवळच होता. डॉक्टरबाईंनी फोटो काढून पाहिला आणि म्हणाल्या, "मोडलंय. जरा ओढून सरळ करावं लागेल. सुई देते, तरी दुखेल थोडं. ओरडलीस तरी चालेल हं बाळा."

चिमीने बाबाकडे एकदा पाहिलं आणि नजर समोरच्या भिंतीवर लावली. डॉक्टरबाईंनी हात ओढला तशी ती ताठ झाली. कपाळावर घाम आला. ओठ मात्र भराभर हलत होते. ती काहीतरी पुटपुटत होती.

प्लास्टर झाल्यावर चिमी बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसली. डॉक्टरबाई हात धुताधुता म्हणाल्या, "काय म्हणत होती ती?"

"पाढे असतील. वर्गात पाढ्यांत तिचा हात धरणारं कुणी नाही."

"घरी रडते कधी?"

"छे. आई गेली तेव्हाही नाही रडली. फार समजूतदार आहे."

डॉक्टरबाईंनी नळ बंद केला. "मग ती रडते कुठे?"

त्याने दारातून बाहेरच्या खुर्चीकडे पाहिलं.

व्हॅनमध्ये चिमी त्याच्या शेजारी बसली. प्लास्टरचा हात मांडीवर, जसं काही दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळायला घेतलंय. चौक ओलांडल्यावर त्याने विचारलं, "चिमे, आत पाढे कशाला म्हणत होतीस गं?"

"रडू येत होतं म्हणून."

"म्हणजे?"

"सतराचा म्हणायचा. तो अवघड आहे ना, त्यात डोकं गुंतलं की रडू मागे जातं. कधीकधी नाही जात, मग एकोणीसचा."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. आई गेली तेव्हा तू म्हणालास ना, 'चिमे, तू रडलीस तर बाबाला उभं राहता येणार नाही.' मग काय करणार?"

त्याला आठवलं. घर माणसांनी भरलेलं, पोर पायाला बिलगलेली, आणि पुढचा एक तास कसा निभवायचा हेच कळत नव्हतं. खाली वाकून तो बोलून गेला होता. तेवढ्या तासापुरतं. ती मात्र ते आजवर पाळत आली होती.

"अगं, रडू मलाही येतं," तो कसाबसा म्हणाला.

"माहितीये. तू बाथरूममध्ये नळ सोडतोस. तेव्हा मी टीव्हीचा आवाज मोठा करते. नाहीतर तुला वाटेल मला ऐकू येतंय."

त्याने व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"आता रड, बाळा. हवं तेवढं रड. बाबाला काही होत नाही."

चिमीने खरंच मनापासून प्रयत्न केला. डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, श्वास धरून पाहिला. मग डोळे उघडून ओशाळ्या आवाजात म्हणाली, "येत नाहीये, बाबा. आधी यायचं."

स्टिअरिंगवर डोकं टेकून तो ढसाढसा रडला. यावेळी नळ नव्हता, टीव्ही नव्हता. बाजूने जाणारे लोक वळून बघत होते. चिमी सरकून जवळ आली आणि उजव्या हाताने त्याची पाठ थोपटत राहिली. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "शाळा सुटायची वेळ झाली. मुलं थांबली असतील."

मुलं फाटकापाशी थांबलीच होती. नेहमीसारखी एकमेकांना ढकलत ती आत घुसली, प्लास्टर पाहून 'दाखव, दाखव' झालं. शेवटी बाईंनी बालवर्गातल्या नव्या मुलीला उचलून आत ठेवलं. ती आठवडाभर येत होती आणि रोज आईच्या आठवणीने भोकाड पसरत होती. एरवी तो तिला म्हणायचा, 'शूर मुलं रडतात का?' आज त्याने नुसतं दार लावून घेतलं.

मोठी मुलं तिच्या रडवेल्या तोंडाला हसू लागली. चिमी पुढची जागा सोडून मागे गेली, तिच्या शेजारी बसली.

"रड गं तू," ती म्हणाली. "कुणी काही म्हणत नाही. मी आहे इथे."

मुलीने तिच्या कुशीत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडू लागली. त्याने आरशात पाहिलं. चिमी एका हाताने तिला धरून, कोरड्या डोळ्यांनी खिडकीबाहेर बघत बसली होती.

पुढे रस्ता खणलेला होता. पोरीच्या हाताला हिसका बसू नये म्हणून त्याने व्हॅन अगदी हळू सोडली.