चंद्राला पावडर

"अहो, चंद्राला पावडर लावलीत की काय?"

मास्तरांनी फोटो काउंटरवर आपटला. शाळेच्या गच्चीवरून दुर्बिणीतून त्यांनी चंद्राचा पृष्ठभाग टिपला होता आणि मोठी प्रत काढायला तो फोटो आमच्या स्टुडिओत दिला होता. बाबांनी सवयीनं सगळे खड्डे बुजवले! हयातभर लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग पुसणारा माणूस, दुसरं काय करणार? चंद्र उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत झाला होता.

"डाग होते, काढले," बाबा म्हणाले.

"अहो, डागांसाठीच तर फोटो काढला!"

मला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. लहानपणी देवी आल्या होत्या, त्याचे व्रण तिच्या तोंडभर आहेत. लग्नाच्या फोटोतून बाबांनी ते पुसून टाकले. तो बघून आईनं एवढंच विचारलं होतं, "ही कोण?" पुन्हा म्हणून ती कॅमेऱ्यासमोर बसली नाही. बाबांना वाटायचं, लाजते. कपाळ माझं!

मास्तर गेल्यावर बाबांनी मूळ फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि मोठा करत करत त्यात शिरलेच.

"ये गं पोरी, बघ तरी! पौर्णिमेचा चंद्र नुसती थाळी. इथं ऊन तिरपं पडलंय, तर प्रत्येक खड्ड्याला काठ आहे, सावली आहे. हा बघ, खड्ड्याच्या मधोमध चक्क डोंगर! काय देखणं आहे गं हे! आणि मी पुसायला निघालो होतो."

बोलता बोलता ते थांबले. खिडकीशी आई पासपोर्ट फोटो कापत बसली होती. तिच्या गालावर तिरपं ऊन आलं होतं.

"जरा इकडे बघतेस? एक फोटो काढतो."

"मला नाही काढायचा."

"काही पुसणार नाही."

"नक्की?"

"तुझी शपथ."

आईनं कात्री ठेवली. केससुद्धा सारखे केले नाहीत. बाबांनी फ्लॅश लावला नाही.

प्रत निघाली. एकेक व्रण आपापल्या सावलीसकट स्वच्छ दिसत होता. मी ती पटकन पालथी घालायला गेले. पण आई कितीतरी वेळ स्वतःकडे बघत राहिली, अनोळखी पाहुणीकडे बघावं तशी. मग तिचे डोळे भरून आले. रागही आला होता तिला, दिसत होतं.

"मला बघायला तुम्हाला पार चंद्रावर जावं लागलं होय?"